कीटकाचे विषशास्त्र शिकवतात, फवारणाऱ्याचे कोण शिकवणार?



जिल्हा मेळाव्याच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, विजेची बिले आहेत, पीक विमा आहे. त्यांच्या जोडीला आणखी एक विषय घ्यावा असा माझा आग्रह आहे. विषय ऐकायला परका वाटेल. शेतात, पाण्यात, हवेत सोडलेल्या विषाचा माणसावर आणि जनावरावर काय परिणाम होतो हे शोधणारे तरुण शास्त्रज्ञ आपल्या राज्यात कसे तयार व्हावेत, हा तो विषय. काही कार्यकर्ते म्हणतील, हे काम विद्यापीठांचे. आपण घामाच्या दामाचे बोलावे. पण ज्याच्या घामाचे दाम मागायचे तोच माणूस पाठीवर पंप घेऊन बांधावर कोसळत असेल, तर हा विषय आपलाच आहे. विद्यापीठांवर सोडून दिल्याने काय होते ते आपण एकदा पाहिलेही आहे.

२०१७ चा हंगाम

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारी माणसे एकामागून एक दवाखान्यात येऊ लागली. डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, दरदरून घाम, कोंडलेला श्वास. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. देशभर बोभाटा झाला तो ऑक्टोबरात. मग विशेष तपास पथक नेमले गेले. पाच कीटकनाशकांवर पश्चिम विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी आली, तीही नोव्हेंबरात, फवारणीचा भर ओसरल्यावर. बैल गेला आणि झोपा केला, यापेक्षा वेगळे काय म्हणणार?

कारणे त्या वेळी पुष्कळ सांगितली गेली. कपाशी माणसाच्या डोक्याला लागेल एवढी वाढली होती. जास्त दाबाचे पंप आले होते. दोन-तीन औषधे एकाच टाकीत कालवली जात होती. उकाडा होता. तोंडाला फडके नव्हते. यातल्या प्रत्येक कारणात तथ्य असेल. पण कोणत्या कारणाचा वाटा किती, कोणत्या मिश्रणाने माणूस गेला आणि कोणत्या मिश्रणाने नुसती डोकेदुखी होऊन सुटला, हे ठरवायला लागणारी मोजमापे कोणाच्याच हाती नव्हती. म्हणून ज्याला जे सोयीचे ते कारण त्याने उचलले. कंपन्यांनी शेतकऱ्याचा निष्काळजीपणा उचलला, खात्याने कृषी केंद्रवाल्याला धरले, कृषी केंद्रवाल्याने वरून आलेला माल दाखवला. मेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही.

आता दवाखान्यातली स्थिती पाहा. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधे ज्या ऑर्गनोफॉस्फेट गटातली आहेत, तो गट कीटकाच्या मज्जासंस्थेतले कोलिनेस्टरेज नावाचे विकर बंद पाडतो. कीटक तडफडून मरतो. तेच विकर आपल्याही अंगात आहे. रक्तात ते किती शिल्लक आहे हे मोजले की माणसाला या गटाची बाधा झाली आहे का आणि किती झाली आहे, हे कळते. तपासणी नवी नाही, अवघडही नाही. तरी ज्या जिल्ह्यात त्या हंगामात शेकडो रुग्ण येत होते, त्या जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात ही तपासणी करण्याची सोय नव्हती. ऑर्गनोफॉस्फेटवर अॅट्रोपीनचा उपाय चालतो. पण रुग्णाने डायफेंथियुरॉन मारले असेल, किंवा सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारले असेल, तर त्यांना नेमका उतारा नाही. लक्षणे पाहून माणूस तगवावा लागतो. म्हणजे टाकीत काय होते हे कळणे हा जीवन-मरणाचा प्रश्न होता. ते सांगू शकणारा माणूस ना शेतावर होता, ना दवाखान्यात.

कायदा आहे, कायदा चालवणारी माणसे नाहीत

आपल्याकडे कायदा नाही असे कोणी समजू नये. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या गव्हाच्या पिठाने शंभरावर माणसे मेली. त्यानंतर चौकशी झाली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. त्या कायद्याचे कलम २६ असे सांगते की कीटकनाशकाच्या वापरातून झालेल्या विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचे बंधन राज्य सरकार अधिसूचना काढून घालू शकते. १९७१ च्या नियमांतला नियम ३७ तर त्याहून पुढे जातो. कारखान्यात किंवा फवारणीच्या कामात कीटकनाशके हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी कामावर घेण्यापूर्वी आणि पुढे कारखान्यातल्यांची दर तीन महिन्यांनी, इतरांची दर वर्षी व्हावी. ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातली औषधे असतील तर कारखान्यात काम करणाऱ्याच्या रक्तातले कोलिनेस्टरेज दरमहा मोजावे. आणि तपासणारा डॉक्टर असा असावा की ज्याला या जोखमीची जाण आहे.

आपल्यापैकी किती जणांच्या सालगड्याचे किंवा स्वतःचे रक्त आयुष्यात एकदा तरी यासाठी तपासले गेले आहे? मेळाव्यात हात वर करायला सांगा. हात मोजायला फार वेळ लागणार नाही.

सरकार नालायक आहे एवढे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. उद्या एखादा भला जिल्हाधिकारी आला आणि नियम ३७ अक्षरशः अमलात आणायचे म्हणाला, तर जोखमीची जाण असलेला तो डॉक्टर त्याने कुठून आणावा? रक्त कोण तपासणार, आकड्याचा अर्थ कोण लावणार, शेतात जाऊन टाकीतले मिश्रण कोण ओळखणार? ही माणसे ज्या शाळेत तयार व्हावीत ती शाळाच आपण काढलेली नाही.

चार शाळा, चार भिंती

मी कृषी महाविद्यालयात शिकलो. टॉक्सिकॉलॉजी, म्हणजे विषशास्त्र, हा शब्द मी कीटकशास्त्राच्या वर्गात ऐकला. तिथे विषशास्त्र म्हणजे अळी मारायला किती औषध लागते याचे गणित. अळ्यांचे गट करायचे, वाढत्या मात्रा द्यायच्या, निम्म्या अळ्या ज्या मात्रेला मरतात ती मात्रा काढायची. शास्त्र उत्तम आहे आणि पिकाला उपयोगी आहे. पण फवारणारा माणूस त्या पुस्तकात शेवटच्या पानावर सूचना म्हणून येतो: हातमोजे घालावेत, वाऱ्याच्या दिशेने फवारावे, बिडी ओढू नये.

पशुवैद्यकीय महाविद्यालयात विषशास्त्र आहे, ते जनावरांचे. वैद्यकीय महाविद्यालयात ते न्यायवैद्यकशास्त्राच्या जोडीला बसवले आहे. तिथे त्याची गाठ पोलीस केसशी आणि शवविच्छेदनाशी जास्त पडते, जिवंत फवारणाऱ्याशी कमी. पर्यावरणशास्त्राच्या विभागात नदीचे पाणी आणि कारखान्याचे सांडपाणी तपासतात. लखनौला १९६५ पासून विषशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे, अहमदाबादला व्यवसायजन्य आरोग्याची आहे. तिथे चांगले शास्त्रज्ञ आहेत. पण लखनौहून यवतमाळच्या शेतात माणूस पोहोचेपर्यंत विष लघवीवाटे निघून गेलेले असते, नाहीतर माणूस तरी गेलेला असतो.

अळीचे एक विषशास्त्र, गाईचे दुसरे, प्रेताचे तिसरे, नदीचे चौथे. चारही ज्याच्या अंगावरून जातात त्या माणसाचे मात्र एकही नाही. आणि चारही शाळांतली पोरे एकमेकांच्या वर्गात कधी पाऊल टाकत नाहीत.

याचा तोटा कसा होतो त्याचे एक उदाहरण देतो. डब्यावर त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात जहाल. हा रंग प्रयोगशाळेतल्या जनावरांना औषध देऊन ठरवलेला आहे. लाल त्रिकोण म्हणजे तोंडावाटे दिले असता जनावराच्या वजनाच्या दर किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅममध्ये निम्मी जनावरे मरतात. पिवळा म्हणजे ५१ ते ५००. ठीक आहे. पण आपला माणूस औषध पीत नाही, तो त्यात भिजतो. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पॅराथिऑन माणसाच्या कातडीतून किती आत जाते हे मोजले होते. कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के गेले, कपाळातून सुमारे ३६ टक्के, आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळेच. आता डोक्याएवढी वाढलेली ओली कपाशी डोळ्यांपुढे आणा. तीतून चालणाऱ्याचे कपाळ ओले, सदरा ओला, पायजमा मांडीपर्यंत ओला, आणि वरून घामाने कातडी मऊ पडलेली. त्रिकोणाचा रंग यातले काही सांगत नाही. शेतात कालवलेल्या तीन औषधांच्या मिश्रणाला तर त्रिकोणच नाही. हे शेतात उभे राहून मोजणारा शास्त्रज्ञ लागतो.

द्राक्षाला एक न्याय, मजुराला दुसरा

कोणी म्हणेल, आपल्या देशाला एवढे जमणार नाही. साफ खोटे. जिथे व्यापार अडला तिथे आपण हे सगळे केले आहे.

युरोपात जाणाऱ्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडू लागले, तेव्हा २००३-०४ पासून निर्यातीच्या बागांची नोंदणी, नमुने आणि तपासणी यांची घडी बसवली गेली. पुण्याजवळ मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्याची संदर्भ प्रयोगशाळा झाले. तरी २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपला माल अडकला. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि ते रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांनी तो फटका सोसला. मग यादी सुधारली, यंत्रे आली, पोरे शिकून तयार झाली. आज द्राक्षाच्या एका मण्यात किलोमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग मोजणारे तरुण रसायनशास्त्रज्ञ या महाराष्ट्रात आहेत.

याबद्दल माझी तक्रार नाही. गिऱ्हाइकाला निर्धोक माल द्यावा, हे बाजाराचे रास्त मागणे आहे आणि आपल्या बागाईतदाराने ते पुरे करून दाखवले. प्रश्न एवढाच की मण्यातले विष मोजायला जी अक्कल, जी यंत्रे आणि जे शिक्षण लागते, ते फवारणाऱ्याच्या रक्तासाठी का मिळू नये? मण्याच्या पाठीमागे खरेदीदार उभा होता म्हणून प्रयोगशाळा उभी राहिली. मजुराच्या पाठीमागे कोण उभे राहणार? आपण उभे राहणार नसू, तर दुसरे कोणी नाही.

उशिरा आलेल्या शास्त्राची किंमत

केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत विमानातून एंडोसल्फान फवारले गेले. गावांत व्यंगे असलेली मुले, मज्जातंतूंचे आजार दिसू लागल्याचे स्थानिक डॉक्टर आणि रहिवासी सांगत होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे अभ्यासाला पोहोचले ते २००१ साली, फवारणी थांबल्यानंतर. फवारणीच्या आधी त्या गावांतली माणसे कशी होती याची नोंद नव्हती. मग एका अहवालाने संबंध आहे म्हणावे, दुसऱ्या समितीने नाही म्हणावे, असे दहा वर्षे चालले. सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०११ च्या मे महिन्यात आली. पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्या, हा न्यायालयाचा आदेश यायला २०१७ चा जानेवारी उजाडला.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहा किंवा औषध कंपनीच्या बाजूने पाहा, हा सौदा तोट्याचाच. औषध खरोखर वाईट असेल तर वीस वर्षे माणसे नासली. ते तेवढे वाईट नसेल, तर एक स्वस्त औषध पुराव्याच्या अभावी वादात बुडाले. आधीची नोंद नसली की दोन्हीकडचा माणूस नुसता ओरडत राहतो.

श्रीलंकेने काय केले

आपल्या शेजारी श्रीलंकेत विष पिऊन मरणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. प्रश्न आपल्यासारखाच, देश आपल्यापेक्षा लहान. तिथे विद्यापीठातले डॉक्टर आणि परदेशी विषतज्ज्ञ यांनी मिळून एक साधे काम हाती घेतले. ग्रामीण भागातल्या जिल्हा रुग्णालयांत नव्याने बाहेर पडलेले तरुण डॉक्टर बसवले. विषबाधेचा रुग्ण आला की कोणते औषध, किती, केव्हा, लक्षणे कोणती, उपचार कोणता, शेवट काय, याची नोंद ठेवायची. शक्य तिथे रक्ताचा नमुना ठेवायचा. २००२ ते २००८ या काळात अशा ९,३०२ रुग्णांची नोंद झाली आणि २०१० साली ती प्रसिद्ध झाली.

त्यातून जे दिसले ते कोणत्याही त्रिकोणावर लिहिलेले नव्हते. जनावरांवरच्या प्रयोगांवरून एकाच वर्गात बसवलेली औषधे माणसाच्या बाबतीत सारखी नव्हती. काही औषधांनी एकही रुग्ण दगावला नाही. पॅराक्वाटने शंभरातले ४२ दगावले. अशा माहितीच्या आधारावर श्रीलंकेने २००८ ते २०११ या काळात पॅराक्वाट, डायमेथोएट आणि फेंथिऑन ही तीन औषधे टप्प्याटप्प्याने बाजारातून काढली. त्याआधी १९९५ साली मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, १९९८ साली एंडोसल्फान काढले होते. आत्महत्यांचे प्रमाण १९९५ च्या मानाने निम्म्याहून खाली आले, आणि या बंद्यांमुळे भाताचे उत्पादन घसरल्याचे दिसले नाही.

हे रुग्ण बहुतेक जाणूनबुजून विष प्यालेले होते. फवारणीतली बाधा वेगळी, तिचे मोजमाप वेगळे करावे लागेल. पण धडा तोच आहे. डझनभर तरुण पोरांना रुग्णालयात बसवून नीट नोंद ठेवायला शिकवले, आणि देशाचे धोरण त्या नोंदीवर उभे राहिले. सगळीच औषधे बंद करा असे कोणी म्हटले नाही, काहीच बंद करू नका असेही म्हणावे लागले नाही. कोणते जाऊ द्यायचे आणि कोणते ठेवायचे, हे कळले.

आपल्याकडे काय झाले? २०२० साली केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. एका बाजूने सगळी बंद करा म्हणून गलका, दुसऱ्या बाजूने शेतकरी बुडेल म्हणून गलका. २०२३ साली निर्णय आला तेव्हा त्या यादीतली थोडीच औषधे बंद झाली. या तीन वर्षांच्या वादात आपल्या शेतातले, आपल्या फवारणाऱ्यांवरचे आकडे घेऊन उभा राहिलेला माणूस मला दिसला नाही. कंपन्यांकडे शास्त्रज्ञ आहेत, सरकारी समित्यांकडे आहेत, पर्यावरणवाल्यांकडेही आहेत. शेतकऱ्याकडे नाहीत.

पोरांना शिकवायचे काय

मग शाळा कशी असावी? चारही कृषी विद्यापीठांनी, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीने, आपापल्या भागातल्या एकेका वैद्यकीय महाविद्यालयाशी जोड घालावी. पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असावा. त्यात कृषी पदवीधर, नवे डॉक्टर, पशुवैद्य आणि रसायनशास्त्राची पोरे एका बाकावर बसावीत. वर्षातला निम्मा काळ, जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, त्यांनी खेड्यात राहावे.

जूनमध्ये फवारणी सुरू होण्यापूर्वी त्यांनी फवारणाऱ्यांचे रक्त तपासून मूळ आकडा नोंदवावा. हे पहिले आणि सगळ्यात महत्त्वाचे काम. कोलिनेस्टरेज प्रत्येक माणसाचे जन्मतः वेगवेगळे असते; माझा नेहमीचा आकडा तुमच्या दृष्टीने विषबाधेचा असू शकतो. म्हणून स्वतःचा मूळ आकडा ठाऊक असल्याशिवाय पुढची तपासणी फारसे काही सांगत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९७४ पासून हे चालू आहे. माणसाचा आकडा मूळच्या ८० टक्क्यांवर आला की त्याच्या कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतला आकडा ७० टक्क्यांपर्यंत किंवा रक्तद्रवातला ६० टक्क्यांपर्यंत उतरला की त्याला त्या औषधांपासून दूर ठेवायचे आणि आकडा ८० टक्क्यांवर चढेपर्यंत परत पंप द्यायचा नाही. यात ना आंदोलन लागले, ना कोणी बेशुद्ध पडण्याची वाट पाहावी लागली. बोटातून थेंबभर रक्त घेऊन जागेवर तपासणारी लहान यंत्रे आज मिळतात.

दुसरे, अंगावर किती औषध पडते ते मोजणे. सदऱ्यावर, मांडीवर, कपाळावर कापडाचे तुकडे लावून फवारणी झाल्यावर ते प्रयोगशाळेत तपासतात. पद्धत सोपी आहे. कोणता नोझल, किती उंचीचे पीक, कोणता पंप, यांनी किती फरक पडतो हे एका हंगामात कळेल. आपल्या उकाड्यात अंगावर टिकेल असा पोशाख कोणता, हेही यातूनच कळेल. परदेशी पुस्तकातला प्लास्टिकचा झगा सप्टेंबरच्या उन्हात कोण घालून दाखवतो ते पाहू.

तिसरे, टाकीतले मिश्रण, डब्याचा बॅच नंबर, विहिरीचे पाणी, बांधावरचे गवत यांचे नमुने असे घ्यावेत की उद्या कोर्टात ते टिकतील. कुलूपबंद नमुना, सही, तारीख, साक्षीदार. नुकसानभरपाईचे अनेक दावे या एका ढिलाईने पडतात.

चौथे, बोलणे. जो शास्त्रज्ञ मजुराला त्याचा आकडा त्याच्या भाषेत समजावू शकत नाही, तो नापास. अहवाल इंग्रजी मासिकात जायच्या आधी ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. रक्त ज्याचे, आकडा त्याचा.

काही आक्षेप

आपल्यातलेच काही जण विचारतील, हे करून आपण आपल्याच गळ्यात दोर घालून घेत नाही ना? आकडे हातात आले की एकेक औषध बंद होईल आणि बोंडअळीपुढे शेतकरी उघडा पडेल. या भीतीला आधार आहे. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही आपली भूमिका आहे आणि ती मी सोडत नाही. पण स्वातंत्र्य माहितीवाचून चालत नाही. माहिती नसते तेव्हाच सरकार साठ दिवसांच्या बंदीसारखा आंधळा सोटा चालवते.

गिधाडांचे उदाहरण घ्या. आपल्या लहानपणी मेलेल्या जनावरावर तुटून पडणारी गिधाडे दिसेनाशी झाली. शास्त्रज्ञांनी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदने करून २००४ साली कारण दाखवले: गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक. मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडात जाऊन त्याचे मूत्रपिंड निकामी करत होते. दोनच वर्षांत, २००६ साली, भारतात जनावरांसाठी ते औषध बंद झाले. पण त्याच सुमारास मेलोक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक औषध शास्त्रज्ञांनी तपासून पुढे ठेवले होते. गोपालकाची गाय बिनऔषधाची राहिली नाही. नेमके कारण शोधणारा शास्त्रज्ञ पर्यायही नेमका देऊ शकतो. तो आपला वैरी नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कीटकनाशकांवर १८ टक्के दर लागला. म्हणजे यवतमाळची माणसे ज्या हंगामात मेली, त्याच हंगामात सरकार प्रत्येक डब्यावर कर घेत होते. नवा कर, नवा सेस नको. घेतलेल्या पैशातला एक बारीक हिस्सा या शाळेला द्या, एवढेच मागणे.

तिसरा आक्षेप असा की शिकणार कोण? पुण्यात खोल्या घेऊन वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी आपलीच कृषी पदवीधर पोरे पाहा. त्यांना शेत कळते, रसायन कळते, गावाची भाषा कळते. त्यांना एक वर्षाचे विद्यावेतन आणि पुढे तालुक्याच्या रुग्णालयात एक पद मिळाले, तर रांग लागेल.

आणि एक गोष्ट आपल्या आपल्यात. पंप पाठीवर घेणारा प्रत्येक वेळी शेताचा मालक नसतो. पुष्कळदा तो भूमिहीन मजूर असतो आणि मालक आपण असतो. नियम ३७ आपल्यालाही लागू आहे. कंपनीला आणि सरकारला जाब विचारताना हे विसरलो, तर आपला आवाज पोकळ वाटेल.

मेळाव्यापुढे ठराव

म्हणून मेळाव्याने पुढील ठराव करावा, अशी विनंती आहे.

एक, राज्य सरकारने कलम २६ खाली विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचे बंधन सरकारी आणि खाजगी दोन्ही दवाखान्यांवर घालावे आणि तालुकावार आकडे दर हंगामानंतर प्रसिद्ध करावेत.

दोन, कपाशी, द्राक्ष, डाळिंब आणि भाजीपाल्याच्या प्रत्येक तालुक्यात एका सरकारी रुग्णालयात कोलिनेस्टरेज तपासणी बारमाही उपलब्ध असावी.

तीन, चार कृषी विद्यापीठे आणि वैद्यकीय महाविद्यालये यांनी मिळून वर सांगितलेला एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू करावा. सुरुवात अकोला आणि यवतमाळपासून व्हावी. पहिला हक्क त्यांचा आहे.

चार, या पोरांच्या कामाला कोणत्याही कीटकनाशक कंपनीचा पैसा लागू नये आणि त्यांचे निष्कर्ष दाबण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला असू नये.

ठराव करून घरी जायचे असेल तर करूच नका. सरकार हलेपर्यंत आपल्याला करता येण्यासारखे एक काम आहे. प्रत्येक तालुका शाखेने येत्या हंगामात आपल्या भागातल्या फवारणी करणाऱ्या माणसांची यादी करावी. नाव, वय, किती वर्षे फवारतो, कोणता पंप, कोणती औषधे कालवतो, कधी त्रास झाला का, एवढ्याच रकाना. एक वही पुरते. फवारणीनंतर रिकामा डबा फेकण्याआधी त्याच्यावरचे नाव आणि बॅच नंबर त्या वहीत उतरवावा, आणि कोणाला चक्कर आली तर वही घेऊनच त्याला दवाखान्यात न्यावे. डॉक्टरला निदान टाकीत काय होते ते तरी कळेल. वह्या दिवाळीनंतर जिल्हा कचेरीत जमा कराव्यात. विद्यापीठाच्या दारात आपण जाऊ तेव्हा हातात निवेदनाबरोबर त्या वह्याही असतील.